गिअरचा ढिला दांडा आणि कारागिराची पत

गोंदिया तालुक्यातील कामठा हा धानाचा मुलूख. अशा भागात माल आणि माणसे वाहण्याचे काम रेल्वेपेक्षा जीप, पिकअप, छोटे टेम्पो आणि ट्रॅक्टर यांच्यावरच अधिक चालते. ग्रामीण भागातील पुष्कळशा जुन्या जीपगाड्या कारखान्यातून निघाल्या तशा राहिलेल्या नाहीत. कोणी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविले, कोणी मागची बॉडी लांबविली, कोणी दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स लावून घेतला. गिअरबॉक्स बदलला की त्याचा दांडा चालकाच्या हाताला नीट येत नाही. मग मिस्त्री तो कापतो, वाकवितो आणि उरलेल्या खुंटावर दोन बोल्ट मारून नवे हँडल जोडतो. काही महिने हे हँडल ठीक चालते. त्यानंतर ते खडखडू लागते, आणि एक दिवस गिअर टाकताना चालकाच्या हातातच डुलते.

हे काम आपल्याकडे अगदी क्षुल्लक समजले जाते. सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली, वरून तार आवळली, किंवा फटीत पत्र्याची चिपटी ठोकली की झाले. पैसे घ्यायचे नाहीत, चहावर भागवायचे. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा दारात येते आणि पुन्हा नवी ट्यूब गुंडाळली जाते. आमचे म्हणणे असे की, ही फुकटची मलमपट्टी बंद झाली पाहिजे. या कामाचे पैसे घ्यावेत आणि काम असे करावे की, गाडी त्याच कारणासाठी परत येऊ नये. कारण या एवढ्याशा कामात तीन गोष्टी पणाला लागलेल्या असतात: प्रवाशाचा जीव, मालकाचा गिअरबॉक्स आणि कारागिराची पत.

ओला ढीग, कोरडा थर

धानाचा व्यापार करणाऱ्या बंधूंना ओलीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. वरून कोरडा दिसणारा ढीग आतून ओला निघाला तर गिरणीवाला काय करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हदीसमध्ये हाच प्रसंग आलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. पावसाने माल भिजला, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवणूक करतो त्याच्याशी आपला संबंध नाही, असे बजाविले.

या प्रसंगात धान्य भिजले याबद्दल दोष दिलेला नाही. दोष दिला तो ओल झाकल्याबद्दल. गिअरच्या दांड्याभोवती गुंडाळलेली ट्यूब हा असाच वरचा कोरडा थर आहे. हाताला दांडा घट्ट लागतो, मालक समाधानाने निघून जातो, आणि आत झिजलेले भोक दिवसेंदिवस मोठे होत राहते. मिस्त्रीने सांगून-सवरून तात्पुरता इलाज केला, गाडी गावापर्यंत जाईल, उद्या आणून सोड असे स्पष्ट म्हटले, तर त्यात वावगे काही नाही. न सांगता केला, तर तो ऐब झाकणे होय, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत.

आधी दोष शोधावा

ढिल्या दांड्याची कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पाना हाती घेण्यापूर्वी पाच मिनिटे तपासणीला द्यावीत. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून गाडी एका गिअरमध्ये टाकावी. मग रबरी बूट वर सारून एका हाताने खालचा खुंट घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने हँडल हलवावे.

खुंट स्थिर आहे आणि हँडलच हलते, तर दोष जोडात आहे. नुसती वरची मूठ फिरते, तर मुठीचे आटे गेले आहेत. खुंटासकट सारेच सैल आहे, तर दांडा ज्या गोळ्यावर डोलतो तो गोळा, त्याची वाटी, स्प्रिंग, पिन किंवा नायलॉनचा बुश झिजला आहे. ज्या गाडीत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळ्या किंवा केबल असतात, तिथे त्यांच्या टोकांचे बुशही पाहावेत. शेवटी न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून हलका रेस द्यावा. इंजिनाबरोबर दांडाही उडू लागला, तर इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग रबरे बसली असण्याचा संभव आहे. अशा वेळी वर कितीही बोल्ट आवळले तरी उपयोग नाही.

ही तपासणी म्हणजेच खरे कसब. बोल्ट आवळणे पोराला आठ दिवसांत येते. कोणता बोल्ट, आणि मुळात बोल्टच का, हे कळायला वर्षे लागतात. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, मग मिस्त्रीला तपासणीचे पैसे मागताना संकोच का वाटावा?

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

जोडाचा दोष कसा वाढतो ते पाहू. समजा, हँडल दोन बोल्टांवर बसविले आहे आणि त्या बोल्टांत २५ मिलिमीटर अंतर आहे. ड्रिलने मारलेली भोके बोल्टापेक्षा केवळ अर्धा मिलिमीटर मोठी आहेत. बोल्ट सैल झाले की एक वर सरकतो, दुसरा खाली. हँडल ३७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पंधरा इंच लांब असेल, तर त्याची मूठ दोन्ही बाजूंना साडेसात मिलिमीटर सरकते. अर्ध्या मिलिमीटरच्या ढिलाईचे चालकाच्या हातात दीड सेंटिमीटर होते. चालकाला वाटते गिअर पूर्ण पडला, प्रत्यक्षात आतील दाते काठावरच अडकलेले असतात. ते तसेच झिजतात, उतारावर गिअर निसटतो, आणि शेवटी जे काम दोन बोल्टांत भागणारे होते त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो. गाडीत माणसे भरलेली असताना घाटात किंवा पुलाच्या चढावर गिअर निसटला, तर काय होईल हे सांगायला नको.

पुष्कळ मिस्त्री म्हणतील, आम्ही स्प्रिंग वॉशर घालतो, मग बोल्ट ढिला होतोच कसा? याचे उत्तर जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली प्रयोगाने दिले. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरू लागतो, आणि साधा स्प्रिंग वॉशर त्याला रोखू शकत नाही, हे त्याने दाखविले. म्हणजे बोल्टाने भागांना इतके आवळून धरले पाहिजे की ते मुळी सरकूच नयेत. दोन पत्र्यांमध्ये रंग, ग्रीस किंवा गंज राहिला असेल, तर तो थर कालांतराने दबतो किंवा झडतो, आवळ कमी होते आणि सरकणे सुरू होते. ट्यूब किंवा रबराची पट्टी मध्ये घातली, तर सरकण्याची सोय आपणच करून दिली असे होते.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखते बनविताना कड्यांचे माप नीट राखण्यास सांगितले. लोखंडाचे काम करणाऱ्या आपल्या बंधूंनी याचा विचार करावा. एका प्रेषिताला कारागिरी शिकविताना जी ताकीद दिली गेली, ती मापाविषयीची होती.

पक्के काम कसे असते

जोडाचा दोष असेल, तर प्रथम हँडल पूर्ण काढावे. दोन्ही बाजूंचे रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करावा. भोके लांबट झाली असतील, तर त्यांत तोच बोल्ट पुन्हा घालण्यात अर्थ नाही. भोक रीमरने गोल करून एक माप मोठा बोल्ट बसवावा, किंवा लेथवर बुश बनवून भोक मूळ मापावर आणावे. बोल्ट असा निवडावा की, भोकात त्याचा आटे नसलेला गुळगुळीत भाग येईल. आटे भोकात आले की ते कानशीसारखे भोक खातात. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा आकडा पाहूनच तो घ्यावा.

आट्यांची भेसळ हे ढिलाईचे आणखी एक मोठे कारण आहे. जुन्या जीपवर इंचाचे आटे, नव्या सुट्या भागांवर मिलिमीटरचे. तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट ९.५ मिलिमीटरचा असतो. त्याच्या जाड आट्यांवर १० मिलिमीटरचा नट दोन-तीन फेरे चढतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. तो घट्ट नसतो, अडकलेला असतो. जोर लागला की आटे सोलून निघतात. बदललेल्या गाडीत दोन-तीन गाड्यांचे भाग एकत्र आलेले असल्याने तिथे आटे मोजण्याचा गेज वापरल्याशिवाय नट चढवू नये.

नट नायलॉकचा घ्यावा, तोही नवा. एकदा काढलेल्या नटातील नायलॉनचे कडे झिजलेले असते. ८ मिलिमीटरच्या ८.८ प्रतीच्या कोरड्या बोल्टास सुमारे २५ न्यूटन-मीटर आवळ पुरते. एक फूट लांब पान्याच्या टोकाशी आठ किलोच्या आसपास जोर दिला की ती मिळते. पान्यावर पाइप चढवून लोंबकळण्याची गरज नाही, त्याने बोल्ट ताणला जातो.

नायलॉक बसविण्याइतकी जागा नसेल, तर आट्यांना लावण्याचे लॉकिंगचे द्रव बाजारात मिळते. ते हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होते. म्हणून आटे पेट्रोलने धुऊन कोरडे केल्याशिवाय ते लावू नये, तेलकट आट्यांवर ते पकडत नाही. हँडलला निळे, म्हणजे मध्यम शक्तीचे द्रव वापरावे, ते पान्याने सुटते. लाल द्रव सोडविण्यास गॅसने तापवावे लागते. प्लॅस्टिकच्या मुठीला हे द्रव लावू नये, काही प्लॅस्टिक त्याने तडकते. मुठीसाठी खालून चेक नट हाच चांगला इलाज.

शेवटी नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटली तर नट फिरला, हे चालकालाही नुसत्या डोळ्यांनी कळते. आठ दिवसांनी गाडी दाखवून जाण्यास सांगावे.

हँडल खुंटाला वेल्डिंग करून टाकण्याची पद्धतही आहे. काम पक्के दिसते, परंतु पुढे गिअरबॉक्स उतरवायचा झाला की तेच हँडल अडते आणि कटर मारावा लागतो. शिवाय जवळचा नायलॉन बुश आणि रबरी बूट उष्णतेने जातात. वेल्डिंग करणे भागच असेल, तर दांडा गाडीतून काढून करावे. गाडीतच करणे भाग पडले, तर निदान बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही

मलमपट्टीची ही रीत मिस्त्रीच्या आळसातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. यात गाडीमालक व्यापाऱ्याचा वाटा मोठा आहे. गाडी भरून उभी आहे, दहा मिनिटांत काहीतरी करून दे, असे तोच म्हणतो. बोल्टाचे पैसे तो देतो, पण विचाराचे आणि तपासणीचे पैसे देताना त्याचा हात आखडतो. वर उधारी ठेवतो. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण प्रवचनात ऐकतो आणि गॅरेजच्या वहीत मात्र सहा-सहा महिने नाव चढलेले असते. ज्याला पक्क्या कामाचे पैसे मिळत नाहीत, तो कच्चे कामच करीत राहणार.

सुट्या भागांच्या दुकानदाराचाही यात हिस्सा आहे. नकली बुश असलीच्या डब्यात घालून विकला, तर मिस्त्रीने कितीही प्रामाणिकपणे बसविला तरी तो महिन्याभरात झिजतो आणि नाव मिस्त्रीचे खराब होते. स्वस्त माल विकण्यास मनाई नाही. तो स्वस्त का आहे, हे सांगून विकावा. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना इशारा दिला आहे. ओलीप्रमाणेच कमअस्सल धातू आणि खोटा शिक्का हेही मापात मारणेच नव्हे काय?

वही, बिल आणि कायदा

कामठ्याजवळ बिर्सी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. आज तोच गोंदियाचा विमानतळ आहे आणि तेथे वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था आहे. विमानाच्या देखभालीचा जगभर एक नियम आहे: कोणता भाग उघडला, काय बदलले, हे वहीत लिहिले जाते आणि जबाबदार अभियंता त्यावर सही करतो. महत्त्वाच्या जागी बोल्टांच्या डोक्यातून बारीक तार ओवून ती पिळली जाते, म्हणजे बोल्ट फिरूच नये. त्याच आभाळाखाली आपला मिस्त्री काम करतो. त्याने विमानाचा थाट करावा असे कोणी म्हणत नाही. परंतु तारीख, गाडीचा क्रमांक, सापडलेला दोष, केलेले काम आणि बाकी राहिलेला दोष, एवढ्या पाच गोष्टी साध्या वहीत लिहिण्यास काय अडचण आहे? त्याचीच एक प्रत मालकाला द्यावी. बुश झिजला आहे, मालकाने आज बदलला नाही, असे लिहिलेले असले तर उद्या वाद झाल्यास मिस्त्रीची बाजू सुरक्षित राहते.

बदललेल्या गाड्यांच्या बाबतीत ही वही अधिकच उपयोगाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. इंजिन आणि बॉडी यांचा प्रश्न या कलमाखाली येतो. ढिले हँडल घट्ट करणे हा बदल नाही, ती दुरुस्ती आहे, तिला भिण्याचे कारण नाही. मात्र आपण काय केले आणि काय केले नाही, हे कागदावर असावे.

पत हेच भांडवल

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, मुस्लिम समाजातील फार मोठा वर्ग नोकरीऐवजी स्वतःच्या धंद्यावर जगतो, आणि वाहन दुरुस्ती हा त्यांतील एक ठळक धंदा आहे. बँकेचे कर्ज मिळविण्यात समाजाची होणारी अडचणही त्याच अहवालात नोंदविली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींची यादी आहे. तीत लोहार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, मोटार मिस्त्री नाही. तेव्हा कौशल्य विकास योजनेतून अनुभवी कारागिराला परीक्षा घेऊन जो दाखला मिळतो, तो आपल्या तरुणांनी अवश्य मिळवावा. तरीही दाखला भिंतीवर लागतो, पत रस्त्यावर फिरते. ती गाडीबरोबर सालेकसा, आमगाव, देवरी अशी गावोगाव जाते, आणि ट्यूब गुंडाळलेला दांडाही तितक्याच लांब आपली साक्ष देत फिरतो.

आज कंपन्यांची सेवा केंद्रे मोठ्या शहरांत आहेत आणि नव्या गाड्या तिकडे ओढल्या जात आहेत. बदललेल्या, जोडलेल्या, जुन्या गाडीला मात्र त्या केंद्रात सहसा कोणी हात लावीत नाही, कारण तिचा भाग त्यांच्या पुस्तकात सापडत नाही. ते काम आपल्या कारागिराचेच आहे आणि पुढेही पुष्कळ वर्षे राहील. ते टिकवायचे की ट्यूब-तारेने घालवायचे, हे त्याच्या हातात आहे.

म्हणून आमची विनंती अशी. मिस्त्री बंधूंनी तपासणीचा आणि पक्क्या कामाचा दर ठरवून तो दुकानात लिहून लावावा, तात्पुरते काम सांगूनच करावे आणि वही ठेवावी. गाडीमालकांनी तो दर रोख द्यावा आणि गाडीला अर्धा दिवस विश्रांती द्यावी. दुकानदारांनी असली आणि नकली यांचे डबे वेगळे ठेवावेत. यांतील एकाही गोष्टीला सरकारी योजना लागत नाही, कर्ज लागत नाही. हलाल कमाईत बरकत आहे असे आपण म्हणतो. ती बरकत रंगाच्या त्या बारीक रेघेसारखी असते: वर्षभराने बूट वर सारून पाहिले, तरी जागची हललेली नसते.